तोलामोलाचा हिशेब

एखाद्या मूलद्रव्याच्या एका मोलाचे वस्तुमान किती, हे काढण्याची रीत इतकी सोपी आहे की ती सांगावयास एक ओळ पुरते: आवर्तसारणीत त्या मूलद्रव्याच्या नावाखाली जे अणुवस्तुमान छापलेले असते ते उतरून घ्यावे आणि त्याच्यापुढे ‘ग्रॅम’ हा शब्द लिहावा. तांब्याचे ६३.५४६ ग्रॅम, लोखंडाचे ५५.८४५ ग्रॅम, सोन्याचे १९६.९६७ ग्रॅम, गुणाकार नाही, भागाकार नाही, हातचा धरण्याचीही गरज नाही. ज्या विषयाचा सारा विधी अशा रीतीने एका वाक्यात आटोपतो, त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकाच्या मनात आरंभीच उद्भवेल. ती शंका रास्त आहे, आणि तिचे समाधान करणे हेच या प्रस्तावनेचे काम मी समजतो.

मी शाळेत असताना हा नियम आम्हांला सांगण्यात आला तो असाच, सूत्ररूपाने. त्या काळी आमच्या घरातील वडीलधारी माणसे सोन्याची भाषा तोळ्यांतच बोलत आणि दशमान पद्धतीची वजने बाजारात नुकतीच रुळू लागली होती. त्यामुळे ‘ग्रॅमच का? त्याच आकड्यापुढे तोळा लिहिला तर काय बिघडेल?’ हा प्रश्न मला सहज सुचला आणि मी तो वर्गात उभा राहून विचारला. परीक्षेत असले प्रश्न येत नाहीत, एवढेच उत्तर मिळाले. पुढे मी स्वतः रसायनशास्त्राचा शिक्षक झालो, आणि सांगावयास खेद वाटतो की पहिली कित्येक वर्षे मीही तोच नियम त्याच शब्दांत सांगत राहिलो. कारण तो सांगितला की उदाहरणे सुटत, आणि उदाहरणे सुटली म्हणजे विषय समजला, अशी माझी आणि माझ्या विद्यार्थ्यांची दोघांचीही समजूत होती.

त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर येथे देऊन टाकतो. तोळा लिहिल्याने काहीही बिघडत नाही. ६३.५४६ तोळे तांबे आणि ५५.८४५ तोळे लोखंड घेतले तरी दोहोंतील अणूंची संख्या परस्परांशी समानच राहील. मात्र ती संख्या आपल्या नेहमीच्या मोलातील संख्येच्या ११.६६४ पट होईल, कारण जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. ग्रॅम ही माणसांनी सोयीसाठी मुक्रर केलेली बाब आहे. निसर्गाचे म्हणून जे आहे ते केवळ प्रमाण, ६३.५४६ ला ५५.८४५ हे. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली म्हणजे पुढचा सारा हिशेब आपोआप उलगडत जातो, आणि ती बसली नाही तर शेकडो उदाहरणे सोडवूनही विद्यार्थी या विषयाच्या उंबरठ्याबाहेरच उभा राहतो, असा माझा अध्यापनातील अनुभव आहे.

आपल्या जुन्या चलनात याचा एक उत्तम दाखला सापडतो. इंग्रजी अमलातील चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा वजनाचा असे, आणि एकोणिसाव्या शतकातील तांब्याचा पाव आणा, ज्याला आपण पैसा म्हणत असू, तो १०० ग्रेनचा असे. समजा, खजिनदारापुढे रुपयांची थैली आली आणि ती तोलून पाहता वजन पाचशे तोळे भरले, तर थैलीचे तोंड न सोडताही आत पाचशे रुपये आहेत हे त्याला सांगता येई. शेरभर रुपये म्हणजे ऐंशी रुपये, कारण शेर ऐंशी तोळ्यांचा. आता दुसऱ्या थैलीत नुसते पैसे आहेत आणि तिचे वजन पहिल्या थैलीच्या वजनाशी १०० ला १८० या प्रमाणात आहे, असे धरू. तर दोन्ही थैल्यांतील नाण्यांची संख्या समान आहे, हे ठरविण्यास एकही नाणे मोजावे लागत नाही. किंबहुना थैलीत नाणी पाचशे आहेत की पाच लाख, याचा पत्ता नसला तरीही ती समान आहेत ही गोष्ट निश्चितच राहते. मोलाची सारी कल्पना या दोन थैल्यांत सामावलेली आहे. ६३.५४६ ग्रॅम तांबे ही एक थैली, ५५.८४५ ग्रॅम लोखंड ही दुसरी. आणि एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांनी थैलीत नाणी किती हे मुळीच ठाऊक नसताना, केवळ थैल्यांच्या वजनांच्या प्रमाणावर, आपल्या शास्त्राची इमारत उभी केली.

‘मोल’ हा शब्द जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड याने त्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ केला. लॅटिनमध्ये राशी किंवा वस्तुमान या अर्थाचा जो शब्द आहे, आणि ज्यापासून युरोपीय भाषांत रेणूचे नाव आले, त्याच्याशी याचे नाते आहे. संस्कृत ‘मूल्य’पासून आलेल्या आपल्या ‘मोल’शी त्याचा काडीचाही संबंध नाही. तथापि ‘तोलामोलाचा’ हा शब्द आपल्या भाषेत मुळातच असावा, आणि तोल व मोल यांची सांगड हाच या शास्त्राचा गाभा ठरावा, हा योगायोग मला फार रुचतो, आणि म्हणूनच मी तो पुस्तकाच्या शीर्षकात घेतला आहे. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्या ओस्टवाल्डने हा शब्द चालू केला त्याचा त्या वेळी अणूंच्या अस्तित्वावर विश्वास नव्हता. त्याच्या लेखी मोल म्हणजे पदार्थाचे अमुक इतके ग्रॅम वजन, त्यापलीकडे काही नाही. संख्येचा त्यात उल्लेखही नव्हता. आज आपण मुलांना मोलाची ओळख प्रथम एका प्रचंड संख्येच्या द्वारे करून देतो आणि मग वजनाकडे वळतो. इतिहासाचा प्रवाह याच्या नेमका उलट वाहिला आहे, आणि माझ्या मते शिकविण्याचा क्रमही इतिहासाचाच असावा.

मग ही प्रमाणे माणसाला कळली कशी? येथे कथा खरी गुंतागुंतीची होते. मँचेस्टर येथील जॉन डाल्टन याने १८०३ साली आपल्या वहीत अणूंच्या सापेक्ष वजनांचे पहिले कोष्टक मांडले. हायड्रोजन सर्वांत हलका, म्हणून त्याचे वजन १ धरले. पाण्यात हायड्रोजनच्या वजनाशी ऑक्सिजनचे वजन कोणत्या प्रमाणात असते हे पृथक्करणाने कळत होते. त्यावरून त्याने ऑक्सिजनचा अंक आरंभी सुमारे ५.५ धरला आणि १८०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ७ केला. आज आपण १६ म्हणतो. डाल्टनच्या काळची पृथक्करणे कच्ची होती हे खरे, परंतु ती पूर्ण शुद्ध असती तरी त्याच्या हाती ८ हाच आकडा आला असता. कारण पाण्यात हायड्रोजनच्या एका अणूशी ऑक्सिजनचा एकच अणू जोडलेला असतो, असे त्याने सरलतेच्या लोभाने गृहीत धरले होते. रुपये आणि पैसे यांची एकत्र थैली आली, तीतील चांदी किती आणि तांबे किती हे गाळून तोलूनही झाले, परंतु दर रुपयामागे पैसा एक की दोन हे कोणी सांगितले नाही, तर एका नाण्याचे वजन दुसऱ्याच्या किती पट याचा निवाडा होणार कसा? तराजू कितीही सूक्ष्म असला तरी या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नाही. ही अडचण विद्यार्थ्याला एकदा मनापासून जाणवली पाहिजे, कारण ती जाणवल्याखेरीज पुढे जे घडले त्याची थोरवी कळत नाही.

उत्तर आले ते वायूंकडून. फ्रान्समधील गे-ल्युसॅक याने १८०८ साली दाखवून दिले की वायू परस्परांशी संयोग पावतात ते आकारमानांच्या साध्या पूर्णांकी प्रमाणात: दोन माप हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांपासून पाण्याची दोन माप वाफ होते. इटलीतील ॲमेडिओ ॲव्होगॅड्रो याने, जो शिक्षणाने कायदेपंडित होता आणि काही काळ वकिलीही करीत होता, १८११ साली यावरून असे अनुमान मांडले की समान तापमानाच्या व समान दाबाच्या समान आकारमानांत, वायू कोणताही असो, रेणूंची संख्या समान असते, आणि हायड्रोजन किंवा ऑक्सिजन यांचा रेणू दोन-दोन अणूंचा असतो. हे अनुमान खरे मानले तर दोन थैल्या समान संख्येच्या करण्याचे साधन मिळते, कारण दोन सारखी भांडी दोन वायूंनी भरली की संख्या आपोआप समान. परंतु एकाच जातीचे दोन अणू परस्परांना चिकटतील कसे, हे त्या काळच्या विद्वानांना पटेना. रासायनिक बंधाचे मूळ विरुद्ध विद्युत्‌भारांत आहे असे मानणाऱ्या स्वीडनच्या बर्झेलियससारख्या महापुरुषाला तर ते अशक्यच वाटले. परिणाम असा की ॲव्होगॅड्रोचा विचार जवळजवळ पन्नास वर्षे दप्तरात पडून राहिला. त्या अवधीत कोणी कार्बनचा अंक ६ धरी तर कोणी १२, कोणी ऑक्सिजन ८ मानी तर कोणी १६, आणि गोंधळ इतका वाढला की ऑगस्ट केकुले याने आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची, म्हणजे शिरक्यात जे आंबट द्रव्य असते त्याची, प्रचारात असलेली एकोणीस निरनिराळी सूत्रे नमूद केली.

या अराजकावर तोड काढण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. चर्चा पुष्कळ झाली, ठराव निर्णायक असा झाला नाही. परंतु परिषद संपताना सिसिलीत जन्मलेल्या स्टॅनिस्लाओ कॅनिझारो याची एक लहानशी पुस्तिका उपस्थितांच्या हाती ठेवण्यात आली, आणि ठरावाने जे झाले नसते ते त्या पुस्तिकेने केले. तीत नवे प्रयोग नव्हते. आपल्या विद्यार्थ्यांना आपण हा विषय कसा समजावून देतो, एवढेच त्या शिक्षकाने तीत लिहिले होते. त्याची रीत अशी: एकाच मूलद्रव्याची, समजा कार्बनची, जितकी वायुरूप होणारी संयुगे मिळतील तितकी घ्यावीत, प्रत्येकाच्या वाफेची घनता मोजून, ॲव्होगॅड्रोच्या अनुमानानुसार, हायड्रोजनचा रेणू २ धरून, त्याचे रेणुवस्तुमान ठरवावे, मग पृथक्करणाने त्या रेणुवस्तुमानात कार्बनचा हिस्सा किती हे काढावे. मिथेनचे १६, त्यात कार्बन १२. कार्बन मोनॉक्साइडचे २८, त्यात कार्बन १२. कार्बन डायऑक्साइडचे ४४, त्यातही १२. एथिलीनचे २८, परंतु त्यात २४. ईथरचे ७४, त्यात ४८. बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस. बाराच्या खाली कधी नाही आणि बाराच्या पटीबाहेरही कधी नाही. रेणूत अर्धा अणू असू शकत नाही, तेव्हा कार्बनच्या एका अणूचा अंक बारा. क्लोरीनसाठी हीच रीत चालविली की हायड्रोजन क्लोराइडमध्ये ३५.५ आणि क्लोरोफॉर्ममध्ये १०६.५, म्हणजे त्याच्या बरोबर तिप्पट, असे आकडे पडतात. इतका स्वच्छ युक्तिवाद रसायनशास्त्राच्या इतिहासात मला दुसरा आढळलेला नाही, आणि म्हणूनच या पुस्तकातील सर्वांत दीर्घ प्रकरण मी त्याला दिले आहे. परिषदेला आलेल्यांत लोथार मायर आणि दिमित्री मेंडेलीव्ह हे दोघे तरुण होते. अंकांचा हा घोळ मिटला म्हणूनच १८६९ साली मेंडेलीव्हला आपली सारणी मांडता आली. ॲव्होगॅड्रो मात्र १८५६ सालीच निवर्तला होता.

ज्या धातूंची संयुगे सहजी वायुरूप होत नाहीत त्यांच्यासाठी दुसरा मार्ग होता. दुलाँ आणि पेटी या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना १८१९ साली आढळले की घनरूप मूलद्रव्याची विशिष्ट उष्णता आणि त्याचे अणुवस्तुमान यांचा गुणाकार बहुधा सहाच्या आसपास येतो: शिशाचे ०.०३१ गुणिले २०७, तांब्याचे ०.०९२ गुणिले ६३.५, लोखंडाचे ०.११ गुणिले ५६. नियम ढोबळ आहे, परंतु अंक ५६ की ११२ की २८, एवढाच तंटा असला तर तो तोडण्यास ढोबळ नियम पुरेसा होतो.

आता ज्या विद्यार्थ्याला वाटत असेल की बारा, सोळा, छप्पन्न असे पूर्णांक एकदा ठरले म्हणजे काम संपले, त्याने क्लोरीनकडे पुन्हा पाहावे. ३५.४५ हा अपूर्णांक आला कोठून? एकोणिसाव्या शतकात अनेकांनी आपले आयुष्य या दशांशस्थळांच्या मागे वेचले, आणि अमेरिकेतील थिओडोर रिचर्ड्स याला तर अणुवस्तुमानांच्या अचूक निश्चितीबद्दलच १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास त्याच्याच तराजूने एक विलक्षण बाब उघड केली: किरणोत्सारी खनिजांतून काढलेले शिसे साध्या शिशाहून हलके भरले. फ्रेडरिक सॉडी याने १९१३ साली समस्थानिकांची कल्पना मांडली होती, तिला यामुळे तराजूचीच साक्ष मिळाली; आणि १९१९ नंतर फ्रान्सिस ॲस्टनच्या वस्तुमान-वर्णपटलेखकाने एकामागून एक मूलद्रव्यांची अशी फोड करून दाखविली. क्लोरीन म्हणजे दोन प्रकारच्या अणूंचे मिश्रण: शेकडा ७५.७६ अणू ३४.९६९ वस्तुमानाचे आणि शेकडा २४.२४ अणू ३६.९६६ वस्तुमानाचे. पहिल्याचा हिस्सा २६.४९२, दुसऱ्याचा ८.९६१, बेरीज ३५.४५३. हाच तो सारणीतला आकडा. म्हणजे ३५.४५ वस्तुमानाचा क्लोरीनचा अणू जगात एकही नाही, आणि तरीही क्लोरीनच्या अणूंच्या एका मोलाचे वस्तुमान ३५.४५ ग्रॅमच भरते. सरासरीचा असा उपयोग आपण जमाबंदीपासून पावसाच्या नोंदीपर्यंत सर्वत्र करतो. रसायनशास्त्राच्या वर्गातच तिचे नाव घेण्याचे आपण टाळतो, याचे मला नवल वाटते.

ही सरासरी कोणत्या नमुन्याची, हा पुढचा प्रश्न. सोने, सोडियम, ॲल्युमिनियम, फॉस्फरस, आयोडीन यांचा निसर्गात एकेकच स्थिर समस्थानिक आढळतो, त्यामुळे त्यांचे अंक अनेक दशांशस्थळांपर्यंत निःशंकपणे सांगता येतात. परंतु शिशाचे तसे नाही. ते युरेनियमच्या पोटचे आहे की थोरियमच्या, यावर त्याचे वस्तुमान अवलंबून असते, आणि म्हणून त्याचा अंक आता २०६.१४ ते २०७.९४ अशा मर्यादांत दिला जातो. लिथियमचा ६.९३८ ते ६.९९७. हायड्रोजन, कार्बन, गंधक अशा काही मूलद्रव्यांसाठी एका आकड्याऐवजी अशा मर्यादा देण्याचा निर्णय शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २००९ साली घेतला. शाळेच्या हिशेबाला याने बाध येत नाही. तथापि छापील आकडा हा पृथ्वीवरील नमुने तोलून, मोजून काढलेला अहवाल आहे आणि त्यात फेरफार होऊ शकतो, ही जाणीव विद्यार्थ्याला असावी.

प्रमाण ठरविताना एकक कोणते धरावे, याबद्दलही दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. डाल्टनचा हायड्रोजन मागे पडून ऑक्सिजन बरोबर १६ हा पाया रूढ झाला. परंतु १९२९ साली ऑक्सिजनचेही जड समस्थानिक सापडले, आणि तेव्हापासून रसायनशास्त्रज्ञ नैसर्गिक ऑक्सिजनच्या मिश्रणाला १६ म्हणत तर भौतिकशास्त्रज्ञ त्यातील केवळ हलक्या समस्थानिकाला. दोन खात्यांचे दोन ताळेबंद, आणि त्यांच्यात दहा हजारांत पावणेतीन भागांची तफावत! अखेर १९६० आणि १९६१ साली दोन्ही पक्षांनी आपापला आग्रह सोडला आणि कार्बन-१२ या समस्थानिकाला बरोबर १२ मानण्याचे कबूल केले. यात रसायनशास्त्रज्ञांचे आकडे लाखात सुमारे चार भागांनी आणि भौतिकशास्त्रज्ञांचे सुमारे बत्तीस भागांनी बदलले. विद्वानांच्या तंट्यांत इतकी समंजस तडजोड क्वचितच होते.

थैलीतील नाण्यांच्या संख्येकडे मी मुद्दाम शेवटी वळलो आहे. लोश्मिट याने १८६५ साली वायूच्या रेणूंच्या आकाराचा अदमास केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी झाँ पेरँ याने ती संख्या अनेक स्वतंत्र मार्गांनी मोजून अणूंविषयीचा उरलासुरला संशय फेडला. त्याच्या एका प्रसिद्ध प्रयोगात गँबोज नावाच्या पिवळ्या राळेचे सूक्ष्म कण पाण्यात सोडून, उंचीगणिक ते किती विरळ होत जातात, हे सूक्ष्मदर्शकाखाली त्याने मोजले. ही राळ ज्या झाडांपासून मिळते ती आपल्या कोकणातील रातांब्याच्याच प्रजातीतील. हे वाचल्यापासून आमसुलाकडे मी वेगळ्या आदराने पाहतो. पेरँनेच या संख्येला ॲव्होगॅड्रोचे नाव दिले. पुढे शतकाच्या अंतराने याच कामासाठी सिलिकॉनचे गोळे घडविण्यात आले: जवळजवळ निव्वळ सिलिकॉन-२८, वजन सुमारे एक किलोग्रॅम, व्यास सुमारे ९.४ सेंटिमीटर. स्फटिकातील अणूंमधील अंतर क्ष-किरणांनी आणि गोळ्याचा व्यास प्रकाशलहरींनी मोजून त्यातील अणूंची संख्या काढली गेली, ती २.१५ गुणिले १० चा पंचविसावा घात, इतकी भरते. या मोजणीच्या आधारावर २० मे २०१९ पासून मोलाची व्याख्याच पालटली. त्यापूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितकी संख्या म्हणजे मोल. आता मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा तेविसावा घात, इतके कण. संख्या कायम झाली आणि वजन मोजावयाचे राहिले. काटेकोरपणे पाहता कार्बन-१२ च्या मोलाचे वस्तुमान आता व्याख्येने बारा ग्रॅम नाही, ते मोजून ठरते. परंतु बारापासूनचा त्याचा फरक अब्जांशाच्या आसपास आहे, आणि कोणत्याही शाळेतील तराजू त्याची दखल घेणार नाही.

प्रत्यक्ष हिशेब करताना ज्या एका ठिकाणी हटकून चूक होते ते येथेच सांगतो. ‘ऑक्सिजनचा एक मोल’ असे म्हटले तर ते वाक्य अपुरे आहे. अणूंचा मोल १५.९९९ ग्रॅम, रेणूंचा मोल ३१.९९८ ग्रॅम, आणि गंधकाचा रेणू आठ अणूंचा असल्याने त्याच्या रेणूंचा मोल अडीचशे ग्रॅमच्याही वर जातो. कशाचा मोल, हे बोलल्याशिवाय आकडा लिहू नये. दुसरे असे की मोलाचे वस्तुमान आणि त्याचे आकारमान यांत विद्यार्थी गल्लत करतात. लिथियमचा मोल जेमतेम सात ग्रॅमचा, पण तो सुमारे तेरा घनसेंटिमीटर जागा व्यापतो. सोन्याचा मोल १९७ ग्रॅमचा, पण त्याला सव्वादहा घनसेंटिमीटरसुद्धा लागत नाहीत. तोळाभर सोने हातात आले, तर ११.६६४ ला १९६.९६७ ने भागावे, ०.०५९२ मोल, म्हणजे सुमारे ३.५७ गुणिले १० चा बाविसावा घात, इतके अणू त्या तोळ्यात आहेत.

भाषेविषयी दोन शब्द. मूलद्रव्य, संयुग, समस्थानिक, अणुवस्तुमान ही नावे आता आपल्या शाळांत स्थिर झाली आहेत, ती मी जशीच्या तशी घेतली. जुन्या पुस्तकांतील ‘ग्रॅम-अणू’ हा शब्द मी सोडून दिला, कारण अणू असो वा रेणू, ‘मोल’ या एका शब्दाने दोघांचेही काम भागते. वस्तुमान आणि वजन यांतील भेद शास्त्रदृष्ट्या महत्त्वाचा असला तरी इतिहास सांगताना जेथे त्या काळचे लोक वजन म्हणत तेथे मीही वजनच म्हटले आहे.

या पुस्तकातील पहिल्या प्रकरणाच्या आरंभी एक प्रयोग दिला आहे, तो शिक्षकांनी गाळू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लोखंडाचा ७ ग्रॅम कीस आणि ४ ग्रॅम गंधकाची पूड विद्यार्थ्यांकडूनच तोलून घ्यावी, मिसळून परीक्षानळीत शिक्षकाच्या देखरेखीखाली, हवा खेळती असताना, तापवावी, आणि आत लाल निखारा फुलून तो आपोआप पुढे सरकू लागला की दिवा बाजूला घ्यावा. थंड झाल्यावर काळ्या ढेकळाशी लोहचुंबक नेऊन पाहावे, आणि मगच फळ्यावर लिहावे की ७ ला ४ हे प्रमाण ५६ ला ३२ चे आहे, आणि वर्गातील तराजूने आत्ताच लोखंडाच्या व गंधकाच्या मोलाचा प्रत्येकी आठवा हिस्सा तोलून दिला आहे.